प्ले-पार्टी गीतांचे प्रादेशिक उगम

प्ले-पार्टी गीते ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रामीण भागात एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तरुण स्त्री-पुरुषांच्या घरगुती मेळाव्यांत गायली जाणारी खेळगीते होत. या मेळाव्यांना ‘प्ले-पार्टी’ म्हणत. त्यांत सहसा कोणतेही वाद्य वाजवले जात नसे. खेळणारे स्वतःच गात आणि गाण्याच्या तालावर फेर धरणे, जोडीदार बदलणे, हातांच्या कमानीखालून जाणे अशा हालचाली करीत. नृत्य आणि फिडल (लोकसंगीतात वाजवले जाणारे व्हायोलिन) निषिद्ध मानणाऱ्या प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये या खेळांना बहुधा मुभा असे. त्यांच्या प्रसाराचे हे प्रमुख कारण मानले जाते.

ही गीते सामान्यतः ती जेथे लिहून घेतली गेली त्या प्रदेशाच्या नावाने ओळखली जातात. उदाहरणार्थ इंडियानाची, मिसूरीची, ओझार्क डोंगराळ भागाची किंवा टेक्सासची गीते. मात्र संकलनाची जागा आणि उगमाची जागा एकच असेल असे नाही. एकाच गीताचे शब्द ब्रिटनमधून, चाल फ्रान्समधून आणि खेळण्याची रीत आणखी तिसरीकडून आलेली असू शकते. त्यामुळे प्ले-पार्टी गीतांच्या उगमाचा विचार करताना शब्द, चाल आणि खेळ या तीन अंगांचा स्वतंत्र मागोवा घ्यावा लागतो.

नाव आणि स्वरूप

‘प्ले’ हा शब्द येथे ‘खेळ’ या अर्थाने येतो. भाग घेणारे आपण नृत्य करतो असे म्हणत नसत. ते आपल्या प्रकाराला ‘प्ले’ किंवा ‘गेम’ म्हणत. मेळावा बहुधा एखाद्या शेतकऱ्याच्या घरी भरे. बैठकीच्या खोलीतील सामान बाहेर काढून जागा मोकळी केली जाई. हवा चांगली असेल तर अंगणात किंवा धान्याच्या कोठारातही खेळ होत. निमंत्रण तोंडी दिले जाई आणि आसपासच्या वस्त्यांवरील मंडळी घोड्यावरून, गाडीतून किंवा पायी येत. खेळात नसलेले लोक कडेला बसून टाळ्यांनी व पायांनी ठेका धरीत आणि गाण्यात साथ देत.

खेळांचे काही ठळक प्रकार पुढीलप्रमाणे होते:

जोडीदार पळवण्याचे खेळ: ‘स्किप टू माय लू’ या गीताच्या खेळात जोड्यांचा फेर असतो आणि मध्ये एक तरुण एकटा उभा असतो. तो फेरातील एखाद्याची जोडीदार घेऊन जातो. मग ज्याची जोडीदार गेली तो दुसऱ्याची जोडीदार मिळवण्याचा प्रयत्न करतो.

जोडीदार बदलण्याचे खेळ: ‘मिलर बॉय’ किंवा ‘जॉली मिलर’ म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याचे गीत. यात जोड्या गोलाकार चालतात आणि गाण्यातील ठरावीक शब्द येताच सर्वांनी एकाच वेळी जोडीदार बदलायचा असतो. या गडबडीत मधला एकटा खेळाडू फेरात शिरतो आणि दुसरा कोणी तरी एकटा उरतो.

समोरासमोरच्या रांगांचे खेळ: ‘वीव्हिली व्हीट’ म्हणजे किडलेल्या गव्हाचे गीत. ते बहुधा स्त्रिया आणि पुरुष यांच्या दोन समांतर रांगा करून खेळले जाई. त्याची मांडणी ‘व्हर्जिनिया रील’ या नृत्याच्या जवळची आहे.

कमानीचे खेळ: ‘नीडल्स आय’ म्हणजे सुईचे नेढे. यात दोघे जण हातांची कमान करतात, बाकीचे तिच्याखालून रांगेने जातात आणि गाणे ठरावीक ठिकाणी येताच कमान खाली येऊन एकाला अडकवते.

अनेक ठिकाणी जोडीदाराला फिरवताना फक्त हात धरण्याची परवानगी असे. कंबरेला हात घालून फिरवणे हे नृत्याचे लक्षण समजले जाई आणि ते टाळले जाई.

धार्मिक आणि सामाजिक पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत धर्मजागृतीची मोठी लाट आली. ऑगस्ट १८०१ मध्ये केंटकीतील केन रिज येथे भरलेला धर्ममेळावा हा तिचा एक महत्त्वाचा टप्पा होय. या लाटेत मेथडिस्ट आणि बॅप्टिस्ट पंथांचा पश्चिमेकडील नव्या वस्त्यांमध्ये वेगाने प्रसार झाला. या पंथांच्या अनेक मंडळ्यांमध्ये नृत्य हे पाप मानले जाई आणि फिडलला सैतानाचे वाद्य म्हटले जाई. नृत्यात भाग घेतल्याबद्दल सभासदाला चर्चच्या मंडळीपुढे जाब द्यावा लागे आणि प्रसंगी सभासदत्वही गमवावे लागे. विरळ वस्तीच्या प्रदेशात चर्च हेच सामाजिक जीवनाचे केंद्र असल्यामुळे ही शिक्षा लहान नव्हती.

अशा परिस्थितीत तरुण-तरुणींनी एकमेकांना भेटण्याचा आणि जोडीदार निवडण्याचा मार्ग म्हणून प्ले-पार्टीला महत्त्व आले. वाद्य नसल्यामुळे आणि प्रकाराला खेळ म्हटले गेल्यामुळे अनेक वडीलधाऱ्यांनी त्याला आक्षेप घेतला नाही. तथापि सर्वच मंडळ्यांनी ही सवलत मान्य केली नाही. काही कडव्या धर्मोपदेशकांच्या मते प्ले-पार्टी हे नाव बदललेले नृत्यच होते.

धार्मिक कारणांबरोबर व्यावहारिक कारणेही होती. नव्या वस्तीत फिडलवादक मिळणे कठीण असे आणि मिळालाच तर त्याला मोबदला द्यावा लागे. गाण्याला मात्र आवाजाखेरीज कशाचीच गरज नव्हती.

उगम ठरवण्यातील अडचणी

प्ले-पार्टी गीते मौखिक परंपरेने पसरली. गाणारे आवडेल ते कडवे जोडत, विसरलेले गाळत आणि ओळखीच्या गावांची व माणसांची नावे घालत. खेळ लांबवायचा असेल तर नवे कडवे तेथल्या तेथे रचले जाई. परिणामी एकाच गीताचे अनेक पाठ तयार झाले आणि एका गीतातील कडवी दुसऱ्यात मिसळली.

गीताच्या नावातील स्थळ हा उगमाचा पुरावा ठरत नाही. ‘बफेलो गॅल्स’ या गीताचे नाव न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराशी जोडले जाते. परंतु फिरते कलावंत ज्या गावी कार्यक्रम असेल त्या गावाचे नाव या गीतात घालत असत आणि त्यामुळे ते अनेक शहरांच्या नावांनी प्रसिद्ध झाले. ‘गोइंग टू बॉस्टन’ हे गीत केंटकीच्या डोंगराळ भागातील रिची कुटुंबाच्या परंपरेत जपले गेले. प्रख्यात लोकगायिका जीन रिची (१९२२–२०१५) ही याच कुटुंबातील होती. बॉस्टन शहर तेथून शेकडो मैल दूर आहे.

एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरूनही पूर्ण गीताचा उगम सिद्ध होत नाही. ‘स्किप टू माय लू’ मधील ‘लू’ हा शब्द स्कॉट्स भाषेतील प्रेम या अर्थाच्या शब्दापासून आला, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते संभाव्य आहे; परंतु ‘लू’ हे अमेरिकेत स्त्रियांचे प्रचलित लघुनावही होते. ‘वीव्हिली व्हीट’ मधील ‘चार्ली’ हे पात्र म्हणजे १७४५ मध्ये ब्रिटिश सिंहासनासाठी उठाव करणारा आणि १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत पराभूत झालेला स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्स एडवर्ड होय, असेही मानले जाते. स्कॉटलंडमध्ये या राजपुत्राविषयी अनेक गीते प्रचलित असल्यामुळे या मताला आधार मिळतो. मात्र चार्ली हे नाव सर्वसामान्य आहे आणि गीतातील गव्हाचा व पावाचा विषय शेतकरी घरांतील आहे. अशा बाबतीत एखादे कडवे किंवा नाव स्कॉटलंडमधून आले आणि बाकीचे गीत अमेरिकेत घडले, ही शक्यताही विचारात घ्यावी लागते.

ब्रिटिश बेटांतील उगम

प्ले-पार्टी गीतांचा सर्वांत जुना थर इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील गीतखेळांचा आहे. ॲलिस बर्था गॉम यांनी १८९४ आणि १८९८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील पारंपरिक खेळांच्या कोशात यांपैकी अनेक खेळांचे ब्रिटिश पाठ सापडतात. गिरणीवाल्याचा खेळ, सुईच्या नेढ्याशी नाते सांगणारा दोरा ओवण्याचा खेळ आणि राजा विल्यमच्या नावाने ओळखला जाणारा जोडीदार निवडण्याचा खेळ ही त्यांची उदाहरणे होत.

अमेरिकेत विल्यम वेल्स न्यूएल यांनी १८८३ मध्ये अमेरिकी मुलांच्या खेळांचा आणि गीतांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध केला. आज मुलांचे समजले जाणारे कित्येक खेळ पूर्वी प्रौढांच्या करमणुकीचे प्रकार होते, असे त्यांनी दाखवले. ब्रिटनमध्ये गॉम यांना हे खेळ प्रामुख्याने मुलांमध्ये आढळले, तर अमेरिकेच्या ग्रामीण भागात त्याच घराण्यातील खेळ विवाहयोग्य तरुण-तरुणी खेळत होते. नृत्यावरील बंदीमुळे हे खेळ प्रौढांच्या जगात टिकून राहिले, असे या फरकाचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

युरोप खंडातील चाली

काही गीतांच्या चाली युरोप खंडातून आल्या आहेत. ‘पिग इन द पार्लर’ म्हणजे दिवाणखान्यातील डुक्कर, हे विनोदी गीत ज्या चालीवर गायले जाते ती अठराव्या शतकातील ‘मालब्रू’ या फ्रेंच गीताची आहे. ते फ्रेंच गीत इंग्लिश सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो याच्या नावावर रचलेले आहे. हीच चाल इंग्रजी भाषक समाजात मित्राचा गौरव करण्यासाठी गायल्या जाणाऱ्या ‘फॉर ही’ज अ जॉली गुड फेलो’ या गीतासाठी वापरली जाते आणि बेथोव्हन याने वेलिंग्टनच्या विजयावरील आपल्या १८१३ च्या वाद्यवृंदरचनेतही ती घेतली आहे. चाल फ्रेंच असली तरी अमेरिकी गीताच्या शब्दांचा फ्रेंच गीताच्या आशयाशी संबंध नाही. शब्द, चाल आणि खेळ यांचे उगम वेगळे काढावे लागतात ते अशा गीतांमुळे.

व्यावसायिक रंगभूमीवरून आलेली गीते

लोकपरंपरेत रुळलेली काही गीते मुळात छापील व व्यावसायिक होती. ‘ओल्ड डॅन टकर’ हे गीत १८४३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे श्रेय डॅन एमेट या कलावंताला दिले जाते. ‘बफेलो गॅल्स’ हे १८४४ मध्ये जॉन हॉजेस याच्या नावाने, वेगळ्या शीर्षकाखाली छापले गेले. हॉजेस रंगभूमीवर ‘कूल व्हाइट’ या नावाने ओळखला जाई. ‘कॅप्टन जिंक्स’ हे विनोदी गीत इंग्लंडमधून आलेला रंगकर्मी विल्यम होरेस लिंगार्ड याने १८६० च्या दशकात लोकप्रिय केले.

यांपैकी पहिली दोन गीते मिन्स्ट्रेल रंगभूमीची आहेत. या प्रकारात गोरे नट चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीय लोकांचे उपहासात्मक चित्रण करीत. गुलामगिरीच्या काळात उत्तरेकडील शहरांत हा प्रकार अत्यंत लोकप्रिय होता. प्ले-पार्टीत आल्यावर या गीतांतील नाटकी बोली पुष्कळदा गळून पडली आणि गाणाऱ्यांच्या दृष्टीने ती जुनी, आपलीच गीते झाली. या गीतांना केवळ ‘निरागस ग्रामीण करमणूक’ म्हणून पाहताना त्यांच्या उगमातील हा वर्णद्वेषी भाग दृष्टीआड होतो. त्यामुळे अलीकडे शालेय संग्रहांत त्यांचा समावेश करताना या इतिहासाची चर्चा केली जाते.

आफ्रिकी-अमेरिकी परंपरा

कृष्णवर्णीय समाजात फेर धरून गाण्या-खेळण्याची स्वतंत्र आणि समृद्ध परंपरा होती. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, टाळ्यांच्या एकमेकांत गुंफलेल्या ठेक्यांवर खेळायचे, मध्ये येणाऱ्याने स्वतःची हालचाल सादर करायची, ही तिची वैशिष्ट्ये होत. जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील बेटांतील परंपरेची जाणकार गायिका बेसी जोन्स (१९०२–१९८४) हिने बेस लोमॅक्स हॉझ यांच्यासह १९७२ मध्ये ‘स्टेप इट डाउन’ या ग्रंथात असे अनेक खेळ नोंदवले.

याच किनारी भागात ‘रिंग शाउट’ नावाचा धार्मिक फेर प्रचलित होता. त्यात पाय एकमेकांवरून न्यायचे नाहीत असा दंडक होता, कारण पाय ओलांडणे म्हणजे नृत्य आणि नृत्य निषिद्ध, अशी समजूत होती. गोऱ्या वस्त्यांत वाद्य आणि कंबरेवरचा हात यांनी जी सीमा आखली, तीच येथे पायांच्या हालचालीने आखली गेली.

लुइझियाना आणि टेक्सास यांच्या सीमाभागात वाढलेला हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली (१८८८–१९४९) हा तरुणपणी कृष्णवर्णीय समाजाच्या ग्रामीण मेळाव्यांत वाजवत व गात असे. तेथे या मेळाव्यांना ‘सुकी जंप’ म्हणत. त्याने १९४१ मध्ये ‘ॲश’ या कंपनीसाठी प्ले-पार्टी गीतांचा ध्वनिमुद्रित संच गायला आणि त्यात ‘स्किप टू माय लू’ या गीताचा समावेश होता. ज्या गीताचा उगम स्कॉटलंडमध्ये शोधला जातो, ते दक्षिणेतील कृष्णवर्णीय गायकाच्या संग्रहातही घट्ट रुजलेले होते. दोन्ही समाजांत गीतांची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली. परंतु आरंभीच्या बहुतेक संकलकांनी केवळ गोऱ्या वस्त्यांमध्ये काम केल्यामुळे छापील संग्रहांत तिची नोंद अपुरी राहिली.

अमेरिकी भूमीवर घडलेली गीते

काही गीतांचे शब्द अमेरिकेतील विशिष्ट निसर्ग आणि शेती यांच्याशी इतके निगडित आहेत की ते तेथेच रचले गेले असावेत असे मानता येते.

‘पॉपॉ पॅच’ या गीतात पॉपॉच्या झाडांचा उल्लेख आहे. हा पॉपॉ म्हणजे पपई नव्हे, तर सीताफळाच्या कुळातील एक उत्तर अमेरिकी फळझाड होय. ते पूर्व अमेरिकेतील नदीकाठच्या जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत समूहाने वाढते. ओहायो नदीच्या खोऱ्यापासून ओझार्क भागापर्यंतच्या लोकांना ते परिचित होते. पश्चिमेकडील कोरड्या मैदानांत ते आढळत नाही.

‘शूट द बफेलो’ हे गीत शिकारीचे आणि नव्या प्रदेशात जाण्याचे आहे. येथील ‘बफेलो’ म्हणजे उत्तर अमेरिकेतील गवा (बायसन). गव्याच्या उल्लेखामुळे हे गीत पश्चिमेकडील गवताळ मैदानांतले असावे असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र त्याच्या काही पाठांत बांबूच्या कुळातील देशी वेळूच्या दाट बनांचा उल्लेख येतो. अशी बने केंटकी, टेनेसी आणि दक्षिणेकडील नदीखोऱ्यांत विपुल होती. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडे गवेही होते, पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ते तेथून नाहीसे झाले. त्यावरून या शब्दांचा काही भाग पूर्वेकडील सरहद्दीवर तयार होऊन नंतर पश्चिमेकडे गेला, असा तर्क करता येतो.

‘सँडी लँड’ हे वाळूमिश्रित जमिनीत पिकवण्याचे गीत टेक्सास आणि ओक्लाहोमा भागांत लोकप्रिय होते. त्यातील शेतीचे चित्र तेथील जमिनीशी जुळणारे आहे.

स्थलांतराचे मार्ग

गीतांचा प्रसार वसाहतकारांच्या मार्गांनी झाला. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतातून मोठ्या संख्येने आलेले लोक पेनसिल्व्हेनियात उतरले आणि तेथून शेनांडोआ खोऱ्याच्या वाटेने व्हर्जिनिया व कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात गेले. डॅनियल बून याने १७७५ मध्ये कंबरलँड खिंडीतून केंटकीकडे जाणारा मार्ग आखल्यावर वस्ती ॲपलाचियन पर्वताच्या पलीकडे पसरली. पुढच्या पिढ्या केंटकी व टेनेसीमधून दक्षिण इंडियाना, दक्षिण इलिनॉय, मिसूरी, आर्कान्सा आणि टेक्सास येथे गेल्या. त्यामुळे या सर्व प्रदेशांतील गीतसंग्रहांत मोठे साम्य आढळते.

दुसरा प्रवाह उत्तरेचा होता. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्कमधील कुटुंबे उत्तर ओहायो, मिशिगन आणि त्यापलीकडे सरकली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानंतर कॅन्सस आणि नेब्रास्का येथे दोन्ही प्रवाहांतील लोक शेजारी आले.

ओक्लाहोमा हे या मिश्रणाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. १८३० च्या कायद्यानुसार आग्नेयेकडील मूळ अमेरिकी जमातींना आपल्या भूमीतून हुसकावून या प्रदेशात आणण्यात आले होते. त्याच प्रदेशाचा एक भाग २२ एप्रिल १८८९ रोजी बाहेरच्या वसाहतकारांसाठी खुला झाला. टेक्सास, कॅन्सस, मिसूरी, आर्कान्सा अशा अनेक राज्यांतून लोक तेथे आले आणि आपापली गीते घेऊन आले. तेथे नोंदवलेल्या एकाच गीताचे अनेक पाठ आढळतात ते यामुळे. ‘ओक्लाहोमाचे गीत’ या शब्दांचा अर्थ बहुधा ‘ओक्लाहोमात गायले गेलेले गीत’ एवढाच घ्यावा लागतो.

संकलन आणि अभ्यास

प्ले-पार्टी गीतांचे पद्धतशीर संकलन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. अमेरिकी लोकसाहित्य संस्थेच्या नियतकालिकात १९११ आणि १९१४ मध्ये मिसूरीतील प्ले-पार्टीवर लेख प्रसिद्ध झाले. लीआ जॅक्सन वुल्फर्ड यांचा इंडियानातील प्ले-पार्टीवरील ग्रंथ १९१६ मध्ये आला. त्यातील सामग्री प्रामुख्याने त्या राज्याच्या आग्नेय भागातील रिप्ली काउंटीतील आहे. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस यांनी १९१६ ते १९१८ या काळात ॲपलाचियन भागात लोकगीते गोळा केली. त्यांचा भर इंग्लिश वारशावर होता. व्हान्स रँडॉल्फ यांनी १९२९ मध्ये ओझार्कमधील प्ले-पार्टीवर लेख लिहिला आणि पुढे १९४६ ते १९५० या काळात ओझार्क लोकगीतांचे चार खंड प्रसिद्ध केले. विल्यम ए. ओवेन्स यांचा टेक्सासमधील खेळांवरील ग्रंथ १९३६ मधील आहे.

या विषयाचा सर्वांत व्यापक अभ्यास बेंजामिन ए. बॉटकिन (१९०१–१९७५) यांचा मानला जातो. ओक्लाहोमा विद्यापीठात अध्यापन करीत असताना गोळा केलेल्या सामग्रीवर आधारलेला त्यांचा ‘द अमेरिकन प्ले-पार्टी साँग’ हा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळ आणि नृत्य यांच्या सीमेवर असलेला हा प्रकार त्यांनी गीत, हालचाल आणि सामाजिक प्रसंग यांचा एकत्र विचार करून मांडला.

संकलक बहुधा शिक्षक, विद्यार्थी किंवा प्राध्यापक होते आणि ते जेथे राहत तेथेच त्यांनी काम केले. ज्या राज्यात उत्साही संकलक होता तेथील गीते छापली गेली आणि ते राज्य या परंपरेचे माहेरघर समजले जाऊ लागले. जेथे कोणी लिहून घेतले नाही तेथे परंपरा नव्हती असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रादेशिक वाटणीचे कोणतेही चित्र वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

ऱ्हास आणि वारसा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ग्रामीण भागात मोटारगाडी, ग्रामोफोन आणि रेडिओ आले. तरुणांना गावाबाहेरच्या नृत्यगृहांत जाणे शक्य झाले आणि अनेक चर्चांचा नृत्याला असलेला विरोधही मवाळ झाला. ज्या बंदीमुळे प्ले-पार्टीला महत्त्व आले होते ती सैल झाल्यावर या मेळाव्यांची गरज कमी झाली. दुर्गम भागांत ते १९३० च्या दशकापर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही टिकून होते.

गीते मात्र अन्य मार्गांनी जिवंत राहिली. रूथ क्रॉफर्ड सीगर यांचा मुलांसाठीच्या अमेरिकी लोकगीतांचा संग्रह १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर आधारलेली संगीतशिक्षणपद्धती अमेरिकी शाळांमध्ये रुजल्यावर, सोप्या चालीची आणि हालचालींसह शिकवता येणारी ही गीते वर्गांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली. ‘मीट मी इन सेंट लुईस’ (१९४४) या चित्रपटात ‘स्किप टू माय लू’ आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) या चित्रपटात ‘बफेलो गॅल्स’ ऐकू येते.

अशा रीतीने प्रौढांकडून मुलांकडे जाण्याचा जो प्रवास ब्रिटनमध्ये आधी घडला होता, तोच अमेरिकेत शंभराहून कमी वर्षांत पुन्हा घडला. आज बहुसंख्य अमेरिकी लोक ही गीते बालगीते म्हणून ओळखतात. एकेकाळी ती, नृत्य करण्याची मोकळीक नसलेल्या तरुण-तरुणींना एकमेकांचा हात धरण्यासाठी मिळालेली समाजमान्य संधी होती.